ऋतिकाचं हॉल तिकीट

वालूर, १२ जानेवारी

योगीराज,

सात वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी क्षेमकुशल विचारायला हवं, हे मला कळतं. पण विषय इतका गंभीर आहे की थेट तक्रारीकडे येतो. माझ्या डब्याचं झाकण तुझ्याकडे आहे.

तुझं झाकण माझ्याकडे आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले, तरी तुझं झाकण माझ्या डब्यावर केसभर मोठं पडतं. बसल्यासारखं दिसतं आणि पिशवीत गेलं की गिरकी घेतं. या सात वर्षांत वरणाने तीन पिशव्या, चार सदरे आणि एकदा दहावी ‘ब’च्या उत्तरपत्रिकांचा पूर्ण गठ्ठा पिवळा केला. राजेश्री म्हणते, “नवा डबा घ्या की हो, दीडशे रुपयांसाठी काय धरून बसलाव.” माझी बायको असून तिला न्यायाची चाड नाही. मी म्हटलं, झाकण परत येईपर्यंत नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास. पोस्टमनला तसं बंद करता येत नाही, म्हणून हा मार्ग. पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्न तुला पडेल. वालूरच्या एकाने बोअरची जळालेली मोटार तुझ्याकडून भरून आणली, तिच्यावर तुझ्या दुकानाचं स्टिकर होतं: ‘योगीराज वाइंडिंग वर्क्स, पूर्णा’. भूमितीची प्रमेयं शिकवणारा माणूस तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलाय, हे मी त्या मोटारीवर वाचलं. मोटार चांगली चालते म्हणे.

जाता जाता एक. तुझी ऋतिका माझ्याच वर्गात आहे, हे तुला ठाऊक असेलच. चार दिवस आली नाही. थंडी फार आहे, ताप असेल. अंगणवाडीपाशी कोकिळावहिनी भेटल्या. “बरं न्हाई तिला,” म्हणाल्या आणि मी जाईपर्यंत कुलपाशी झटत राहिल्या. कुलूप उघडंच होतं. बोर्डाची परीक्षा सव्वा महिन्यावर आलीय. या रविवारी घरी आलास की तिला शाळेत पाठव.

झाकण वहिनींकडे दिलंस तरी चालेल.

पंडित

—

वालूर, २२ जानेवारी

योगीराज,

तुझं कार्ड मिळालं. मजकूर: ‘झाकण ठेवून घे.’ चार शब्दही पुरे नाहीत. पोस्टाला पैसे परत मागावेत असं कार्ड आहे. पण त्यावरून एवढं कळलं की रविवारी घरी तुला कुणी काही सांगितलेलं नाही. तेव्हा ते मलाच सांगावं लागणार.

ऋतिकाला ताप नाही. तिने शाळा सोडली आहे.

परवा संध्याकाळी तुमच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा टाकला आणि चुलीशी पाठ करून बसल्या. पोरगी जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून वेगळी शिवत होती. लहानपणी माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून ‘पंडितकाका, जोरात’ म्हणणारी पोर आता ‘सर’ म्हणते.

“सर, तुमी चहा घ्या. बाकी माझं ठरलंय.”

“काय ठरलंय?”

“पुढच्या साली सतरा नंबरचा फॉर्म भरणार. घरी बसून अभ्यास करणार. शाळेत यायचं न्हाई.”

“अगं, सतरा नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी, काम करणाऱ्यांसाठी. तू वर्गात पहिली.”

“मी वर्गात पयली न्हाई सर. मी एकविसावी. यादी तुमीच लावली हाय दारावर.”

खरं आहे. लावली मीच. पूर्वपरीक्षेत वीस जणांना तिच्यापेक्षा जास्त गुण आहेत, आणि त्या वीस जणांपैकी अठरा जणांना स्वतःचं नाव न चुकता लिहिता येतं का, याची मला शंका आहे. दोघांची खात्री आहे.

“शाळेत येऊन मी काय करू?” ती म्हणाली. “सर फळ्यावर लिवत्यात, पोरं उतरून काढत्यात. परीक्षेत सर पुन्ना लिवत्यात, पोरं पुन्ना उतरून काढत्यात. मला ते घरी बी जमतंय.”

वहिनी चुलीकडूनच म्हणाल्या, “भावजी, हिच्या बापाला नका सांगू. तो म्हणंल, बरं केलं. मग ही बसलीच घरी.”

म्हणून मी तुला सांगतोय. तू ‘बरं केलं’ म्हणू नकोस.

झालं ते क्षुल्लक आहे. पूर्वपरीक्षेत मराठीचा निबंध होता, ‘माझा आदर्श’. आपल्या शाळेत निबंध गाइडमधून पाठ करून घेतात, तू असतानाही घ्यायचे. यंदाच्या गाइडमधला आदर्श म्हणजे सैन्यातले काका. बेचाळीस पोरांपैकी एक्केचाळीस जणांचे काका सैन्यात, सगळे सीमेवर, सगळ्यांच्या मिशा भरदार आणि सगळे सुट्टीत येताना सुकामेवा आणतात. पेपर तपासताना मला वाटलं, एका वालुरातून एवढी फौज उभी राहते तर देशाला काळजी कसली. बेचाळिसावा निबंध ऋतिकाचा. तिने वडिलांवर लिहिला. त्यात तिला कमी गुण पडले, आणि पोरगी हट्टी असल्याने रुसून घरी बसली.

बापाच्या वळणावर गेलीय, हा आरोप मी वहिनींसमोर केला नाही. तुझ्यासमोर करतो.

पंडित

—

वालूर, २ फेब्रुवारी

योगीराज,

दुसरं कार्ड मिळालं. ‘तिला कमी गुण कुणी दिले?’

गणिताच्या माणसाला पत्र लिहिण्यात हाच धोका. गाळलेली पायरी त्याला आधी दिसते.

मी दिले. आठपैकी एक.

निबंध माझ्यासमोर आहे. काही ओळी देतो. ‘माझे वडील पूर्णेत जळालेल्या मोटारी भरतात. आधी ते याच शाळेत गणित शिकवायचे. दहावीच्या परीक्षेत त्यांनी तीस मुलांच्या कॉप्या काढून घेतल्या. मग सगळे म्हणाले की त्यांनी एका मुलाला मारले. त्यांनी मारले नव्हते. त्या खोलीत आणखी एक सर होते. ते खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर काय होते, हे मला अजून कुणी सांगितले नाही.’

एक गुण मी शुद्धलेखनासाठी दिला. एकही चूक नव्हती.

पण खरं कारण एवढंच नाही. पेपर वाटल्यावर मी तिला वर्गात उभं केलं आणि म्हटलं, “परीक्षकाला घरगुती मजकूर आवडत नाही. गाइडमधला निबंध पुन्हा लिहून आण.” हे मी समजुतीच्या सुरात म्हटलं. मला समजुतीचा सूर फार चांगला जमतो.

ती म्हणाली, “सर, यात खोटं काय हाय तेवढं सांगा, मी खोडते.”

मी म्हटलं, “खोटं काही नाही. पण लिहायचं नसतं.”

तिने दप्तर उचललं आणि गेली. दारात वहाणा घालताना घाई केली नाही. मला ते फार लागलं. धावत गेली असती तर रागाने गेली असं म्हणता आलं असतं.

चौकशी समितीपुढे मी खोटं बोललो नाही, असं मी सात वर्षं स्वतःला सांगतोय. ‘त्या वेळी माझं लक्ष नव्हतं,’ एवढंच लिहून दिलं आणि सही केली. त्यावर तुझी नोकरी गेली. तू त्या पोराच्या बाकावरची कॉपी उचललीस, त्याचा हात बाजूला केलास, याहून काही केलं नाहीस, हे मी पाहिलं होतं. पोरगा संस्थेच्या संचालकाचा पुतण्या. मला त्या साली वेतनश्रेणी लागायची होती. त्या पेपराच्या तासाभर आधी आपण दोघांनी एकाच बाकावर डबे खाल्ले होते. गडबडीत झाकणं बदलली, ती तेव्हा.

ऋतिकाला सांग, खिडकीबाहेर एक शेळी होती. बाभळीच्या शेंगा खात होती. पुढचे दोन पाय खोडावर टेकून उभी होती. कानाला पांढरा ठिपका. मला ती आजही काढून दाखवता येईल.

आता इतकं लिहिलंच आहे तर गेल्या वर्षीचंही ऐक. संस्कृतचा पेपर होता. नियम असा की त्या दिवशी संस्कृतच्या शिक्षकाने केंद्रावर फिरकायचं नाही. आम्ही नियम पाळतो, म्हणून मला ऑफिसच्या मागच्या खोलीत बसवतात, क्रीडासाहित्याच्या. पेपरचा फोटो मोबाइलवर येतो. मी फाटक्या फुटबॉलांमध्ये बसून उत्तरं लिहितो. शिपाई भुजंग झेरॉक्स काढतो, कात्रीने पट्ट्या करतो आणि पाणी वाटायच्या निमित्ताने वर्गावर्गात पोचवतो. माझं अक्षर वळणदार आहे. पोरांना वाचायला सोपं जातं.

तर गेल्या वर्षी भरारी पथकाची जीप फाटकात आली. भुजंग ओरडला, “आले रं!” दोन मिनिटांत पट्ट्या गायब. पथकाने वर्ग पाहिले, ‘उत्तम शिस्त’ असा शेरा दिला, पोहे खाल्ले, गेलं. सोमवारी पाचवीची पोरं सांगत आली की नळाला पाणी येत नाही. भुजंगाने नळाची चकती काढली. आतून पांढरा लगदा आला, ताकातल्या गाठींसारखा. व्हरांड्यातल्या पोरांनी पट्ट्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सोडल्या होत्या. शनिवारची शाळा त्याच पाण्यावर झाली होती. एका पोराने ओंजळ धरली होती, त्याच्या ओंजळीत तो गोळा पडला. त्याने उलगडून पाहिला. प्रश्न तिसऱ्याचं उत्तर. अक्षर माझं.

“सर, ह्ये तुमचं हाय का?” त्याने विचारलं.

मी मुतारीच्या मागे जाऊन ओकलो. राजेश्रीला सांगितलं, डब्यातलं वरण आंबलं होतं. त्याचाही दोष तुझ्या झाकणावर घातला.

यंदाही बोलावणं आलंय. मुख्याध्यापक शिवशंकर सरांनी काल खोलीत बोलावलं. टेबलावर हॉल तिकिटांचा गठ्ठा होता, त्यातून ऋतिकाचं वेगळं काढून माझ्या हातात दिलं.

“पंडितराव, हे तुमच्यापाशी ठिवा. पोरगी घरी बसली तर बसू द्या. आपला निकाल शंभर टक्के, कुणाची तकरार न्हाई. अन् यायचंच म्हणली, तर हमीपत्र लिवून घ्या. ‘परीक्षेत गोंधळ करणार न्हाई.’ खाली दस्तखत. बापावानी हॉलमधी उभी ऱ्हायली तर मामला लय दूर जाईल.”

“हमीपत्रावर दहावीच्या पोरीची सही?”

“तुमाला काय नवं हाय का सर, सही घेणं-देणं?”

ते हसून म्हणाले. मीही हसलो. या शाळेत मी नेमका केव्हा केव्हा हसतो, याची कुणी नोंद ठेवली तर माझ्याविरुद्ध दुसरा पुरावा लागणार नाही.

हॉल तिकीट माझ्या कपाटात आहे. फोटोत पोरगी थेट कॅमेऱ्याकडे बघतेय.

पंडित

—

वालूर, १५ फेब्रुवारी

योगीराज,

कार्ड नाही, काही नाही. रविवारी तू घरी आला होतास, असं कळलं. तिला काय म्हणालास, ते कळलं नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या की बापलेकींनी अंगणात बसून एका जळालेल्या मोटारीची तार उसवली आणि दिवसभर दोघंही बोलले नाहीत. तुमच्याकडे याला सणाचा दिवस म्हणत असतील.

मी काल हॉल तिकीट घेऊन गेलो. हमीपत्राशिवाय. शिवशंकर सरांना सांगितलं की सही घेतली आणि कागद घरी राहिला. म्हणजे एका खोट्यासाठी दुसरं. पण हे पहिलंच असं खोटं की जे बोलल्यावर मला जेवण गेलं.

ऋतिकाने तिकीट घेतलं नाही. ओट्यावर ठेवलेलं तसंच राहू दिलं.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“संस्कृतच्या दिवशी तुमी कुठं बसणार?”

गावात सगळ्यांना माहीत आहे. चहावाल्यालाही माहीत आहे, तो त्या दिवशी एक कप मागच्या खिडकीतून देतो. तरी तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

“मागच्या खोलीत,” मी म्हटलं.

“मग मी येऊन काय करू? मी रातून दिस पाठ करायचं, अन् माझ्या मागं बसलेली तुमच्या अक्षरातून उतरून काढणार. तुमी वर्गात मला शिकविताव अन् मागं बसून तिला पास करताव. पप्पा जाताना एवढंच म्हणले, तुझं तू ठरव. मी ठरवलं व्हतं. आता तुमी तिकीट घेऊन आलाव.”

वहिनी दारात उभ्या होत्या. “ऋते, सरांशी असं बोलत्यात का?”

“आई, मी कुठं काय वाईट बोलले? मी इचारायलेय.”

मग ती म्हणाली, “तुमी त्या दिवशी कागद लिवू नका. मी समदे पेपर देते. अकरावीला बी जाते. न्हाईतर हे तिकीट न्या.”

मी म्हटलं, “बघू.”

“बघू न्हाई, सर.”

मला एवढ्या वर्षांत अनेकांनी सुनावलं आहे. संस्थाचालकांनी, शिक्षणाधिकाऱ्यांनी, तू. पण पंधरा वर्षांच्या पोरीने ‘बघू’ हा माझा आयुष्यभराचा आसरा असा दोन शब्दांत काढून घ्यावा, हे नवीन. मी ‘बरं’ म्हटलं. तिने तिकीट उचललं, पदराला हात पुसून आईने त्यावरची धूळ झटकली. त्यावर धूळ नव्हती.

घरी परतताना रस्ताभर मला किळस येत होती. तिची नाही. ‘बरं’ म्हणताना माझ्या मनात हिशेब चालू होता, त्याची: निवृत्तीला नऊ वर्षं, धाकट्याचं शिक्षण, ऐनवेळी आजारी पडलो तर चालेल का, भुजंगाला ताप येईल का. पोरगी शाळेत राहावी म्हणून मी शब्द दिला आणि फाटकाबाहेर पडायच्या आत त्यातून निसटायच्या वाटा शोधत होतो.

पंडित

—

वालूर, संस्कृतच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

योगीराज,

ऋतिकाने आतापर्यंतचे सगळे पेपर दिले. एका पेपराला मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं. चोवीस पोरांच्या माना एकाच कोनात मांडीकडे, आणि खिडकीजवळच्या बाकावर एक मान सरळ. पर्यवेक्षक शेजारच्या शाळेचे होते. ते तिच्याकडे असं बघत होते, जणू तीच काही गैर करतेय.

आज दुपारी पेपर सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. “पप्पांनी दिलंय,” म्हणाली आणि मैत्रिणीबरोबर गेली. वर्तमानपत्रावर निरोप असेल म्हणून मी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. बाजारभाव होते. आत माझं झाकण.

घरी आणून डब्यावर बसवलं. एका दाबात बसलं. राजेश्री म्हणाली, “झालं का आता समाधान?” तुझं झाकण धुऊन, पुसून याच पत्राबरोबर पाठवतोय. पार्सल होईल, पोस्टाचे दोन पैसे जास्त लागतील, चालेल. पण माझं झाकण परत आल्याने माझी अडचण झाली. सात वर्षं माझ्याजवळ तुझ्याविरुद्ध एक तक्रार होती आणि ती मला पुरत होती. आता ती गेली. आता लिहायला फक्त खरं उरलं.

शिवशंकर सरांचा निरोप भुजंग घेऊन आला. “सर, सकाळी साडेधाला मागच्या खोलीत. पेन नवं आणून ठिवलंय. अन् म्हणले, आजारी-बिजारी पडू नका, गाडी घेऊन न्यायला येऊ.” भुजंग जाता जाता थांबला. “सर, टाकीवर मी कुलूप लावलंय ह्या साली.” त्याच्या परीने तोही सुधारला.

मी त्याला ‘येतो’ म्हटलं नाही. ‘येणार नाही’ असंही म्हटलं नाही. तो समजायचं ते समजून गेला.

मी उद्या काय करायचं, हे मला नीट माहीत आहे. पेन टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘मी लिहिणार नाही.’ तीन शब्द आहेत. इतकी वर्षं शब्दच शिकवत आलो, हे तीन तेवढे कधी म्हणून पाहिले नाहीत. आत्ता अंगणात उभा राहून म्हणून पाहिले. आवाज निघाला. पण समोर कुणी नव्हतं.

ऋतिका उद्या येणार. खिडकीजवळ बसणार. तिला वाटतं, मी शब्द पाळीन. पहिली पट्टी आली की ती अक्षर ओळखेल, बघायचीही गरज पडणार नाही, आणि मग तिने शाळा सोडली तर मी तिला कुठल्या तोंडाने परत बोलवू?

त्या मागच्या खोलीलाही एक खिडकी आहे. तिथून मैदान दिसतं. मैदानात कुणी ना कुणी शेळ्या सोडतंच.

हे पत्र तुला परवा मिळेल. तोवर झालेलं असेल. तू फाटकापाशी येऊन उभा राहा, मला बघत राहा, असं मागणार होतो, पण त्यासाठीसुद्धा मी एक दिवस उशीर केला. मुद्दाम केला की काय, मला सांगता येत नाही.

योगीराज, पोरीची मला काळजी नाही. ती शाळेत राहिली काय, सोडून गेली काय, ती निभावून नेईल. मला भीती माझी वाटते. उद्या तो पेपरचा फोटो समोर आला की मी लिहायला लागेन, असं मला वाटतंय.

पंडित